बेताच्या चित्रकलेवर कॉमिक कसे करावे

कॉमिक करण्याची इच्छा अनेकांच्या मनात वर्षानुवर्षे पडून राहते, आणि बहुतेक वेळा तिच्या आड एकच समजूत उभी असते: आधी उत्तम चित्र काढता आले पाहिजे, मगच कॉमिकला हात घालायचा. ही समजूत या माध्यमाच्या इतिहासाशी जुळत नाही. आधुनिक कॉमिकचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो जिनीव्हाचा रोडॉल्फ टॉप्फर (१७९९–१८४६) चित्रकाराचा मुलगा होता आणि त्यालाही चित्रकारच व्हायचे होते. परंतु डोळ्यांच्या विकारामुळे तो मार्ग बंद झाला आणि त्याने शिक्षकी पत्करली. १८२७ मध्ये त्याने चौकटीमागून चौकट पुढे सरकणारी, प्रत्येक चित्राखाली मजकूर असलेली चित्रकथा काढली, तीही भराभर ओढलेल्या मोकळ्या रेषांमध्ये. पुढे १८४५ मध्ये मानवी चेहऱ्यावर लिहिलेल्या निबंधात त्याने असे दाखवून दिले की, रीतसर शिक्षण न घेतलेला माणूसही बोलका चेहरा काढू शकतो, कारण भुवई, नाक किंवा ओठ यांत जरासा फरक केला की कागदावर लगेच वेगळा स्वभाव उमटतो.

कॉमिकच्या वाचकाला चित्राकडून तीन गोष्टी हव्या असतात. समोर कोण आहे हे ओळखू आले पाहिजे, काय घडते आहे हे समजले पाहिजे आणि पुढची चौकट कोणती याविषयी शंका उरता कामा नये. सौंदर्य त्यानंतर येते. ते आले तर आनंदच आहे, पण या तिन्ही गोष्टी साधल्या नाहीत तर नुसत्या सौंदर्याने वाचक थांबत नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, चित्रकला बेताची असेल तर त्यावरचा उपाय गोष्ट लिहितानाच करावा. हाताला झेपणार नाही अशी गोष्ट लिहायची आणि मग चित्रे काढताना झगडत बसायचे, हा क्रम उलटा आहे आणि बहुतेक अपुरी कॉमिक्स तिथेच अडतात. पुढील पायऱ्या त्याच दृष्टीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: हाताची पाहणी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर खोडरबर न वापरता पुढील गोष्टी काढा: एकाच माणसाचा आनंदी, रागावलेला, घाबरलेला आणि कंटाळलेला चेहरा, उभा असलेला, बसलेला आणि चालणारा माणूस, एक खुर्ची, एक दार, एक रस्ता, समोरासमोर बोलणारी दोन माणसे, आणि काहीतरी हातात धरलेला हात. काढून झाल्यावर कागद दुसऱ्या कोणाला दाखवा आणि काय काय ओळखू येते ते विचारा. स्वतःच्या आवडीनिवडीला येथे फारसे महत्त्व नाही, कारण आपल्याला न आवडणारे चित्र दुसऱ्याला अगदी स्पष्ट कळते असे वारंवार घडते.

यातून तीन याद्या तयार होतील. सहज जमणाऱ्या गोष्टी, वेळ दिल्यास जमणाऱ्या गोष्टी आणि आज अजिबात न जमणाऱ्या गोष्टी. पहिल्या कॉमिकमध्ये पहिल्या यादीतील गोष्टी भरपूर याव्यात, दुसऱ्या यादीतील दोन-तीन याव्यात आणि तिसऱ्या यादीतील एकही येऊ नये. ज्याला घोडा काढता येत नाही त्याने पहिल्याच प्रयत्नात घोडदळाची कथा निवडू नये. ही तडजोड वाटू शकेल, पण असे बंधन कल्पनेला हानिकारक ठरत नाही. फ्रान्समध्ये १९९२ साली औबापो नावाचा कॉमिक कलावंतांचा गटच स्थापन झाला, ज्याचे सभासद स्वतःवर मुद्दाम कडक नियम लादून कथा रचत असत.

दुसरी पायरी: आकाराचा निर्णय

मनातली गोष्ट बहुधा मोठी असते. अनेक भागांची, अनेक पात्रांची, स्वतंत्र जग असलेली. तिच्यावर प्रेम असणे योग्यच आहे, परंतु सुरुवात तिच्यापासून करू नये. साधा हिशेब पाहा. दोनशे पानांच्या कॉमिकमध्ये प्रत्येक पानावर सरासरी ५ चौकटी धरल्या तर १,००० चौकटी होतात. एका चौकटीला एक तास लागत असेल आणि रोज एक तास मिळत असेल, तर काम पूर्ण व्हायला पावणेतीन वर्षे लागतील, आणि त्या काळात तुमचा हात इतका बदलेल की पहिली पाने नव्याने काढावीशी वाटतील.

म्हणून पहिले कॉमिक ४ चौकटींचे करा, दुसरे एका पानाचे आणि तिसरे ८ पानांचे. आठ पाने हा आकार सोयीचा आहे, कारण एकाच कागदाला घड्या घालून, मधोमध एक चीर देऊन, शिलाई किंवा टाचणी न करता ८ पानांची छोटी पुस्तिका तयार होते. कागद एका बाजूनेच छापावा लागतो. मोठी गोष्ट सोडून देण्याची गरज नाही. तिच्यातील एखादा स्वतंत्र प्रसंग वेगळा काढा. ज्या पात्राविषयी आपण पुढे शेकडो पाने लिहिणार आहोत, त्याच्या आयुष्यातील दहा मिनिटे आज सांगता येतात का, हे पाहणे त्या मोठ्या गोष्टीसाठीही उपयोगाचे आहे.

तिसरी पायरी: झेपेल अशी संहिता

समजा, बरीच वर्षे एकमेकांशी न बोललेले दोन भाऊ बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकतात. या गोष्टीत पात्रे दोन आणि जागा एक. लिफ्ट म्हणजे चार सरळ रेषा आणि बटणांची एक पट्टी. दिवे गेले की काही चौकटी पूर्ण काळ्या होऊ शकतात, ज्यांत फक्त चार डोळे किंवा फक्त संवाद दिसेल. बाहेर जमलेल्या माणसांची गर्दी काढण्याची आवश्यकता नाही. दारापलीकडून आलेले आवाज चौकटीच्या कडेवरून आत येणाऱ्या फुग्यांत (संवाद लिहिण्याच्या गोलाकार जागांत) लिहिता येतात. गोष्टीतला ताण भावांच्या नात्यात आहे आणि तो दाखवायला चेहरा, अंतर आणि पाठ फिरवणे एवढे पुरते. अशा रीतीने विचार केला की चित्रकलेची मर्यादा गोष्टीच्या गाभ्याला धक्का लावत नाही.

संहिता लिहिताना प्रत्येक चौकटीसाठी वेगळा परिच्छेद करा आणि त्यात तीनच गोष्टी नोंदवा: काय दिसते, कोण काय बोलते, कोणता आवाज येतो. उदाहरणार्थ:

चौकट १. लिफ्टचे दार बंद होत आले आहे. आत थोरला आणि धाकटा, दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना. संवाद नाही.
चौकट २. पूर्ण काळी. आवाज: खट्ट.
चौकट ३. काळोखात दोन डोळे. थोरला: “तू काही दाबलंस का?”
चौकट ४. काळोखात चार डोळे, दोन्ही जोड्या एकमेकांपासून दूर. धाकटा: “पहिलाच प्रश्न हा?”

नवशिके येथे हमखास एक गोष्ट विसरतात. चौकटीतले चित्र स्थिर असते, त्यामुळे एका चौकटीत एका पात्राची एकच कृती मावते. ‘तो उठतो, दाराशी जातो आणि बटण दाबतो’ असे वाक्य संहितेत आले तर त्यात तीन चौकटी दडलेल्या आहेत. त्यातील कोणती दाखवायची आणि कोणत्या गाळायच्या हे तुम्हालाच ठरवावे लागते. पुष्कळदा शेवटचीच दाखवली तरी भागते, कारण आधीच्या दोन वाचक मनातल्या मनात भरून काढतो. अवघड हालचाल टाळण्याचा हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे: हालचालीच्या आधीचा क्षण काढा, नंतरचा क्षण काढा आणि मधला भाग दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीवर सोपवा.

चौथी पायरी: पात्र

पात्राची रचना करताना एकच कसोटी मनात ठेवा: हे पात्र मला लहान आकारात, घाईत आणि वेगवेगळ्या बाजूंनी पन्नास वेळा काढता येईल का? येत नसेल तर त्याच्या कपड्यांवरची नक्षी, केसांच्या बटा आणि दागिने कमी करत जा, येथपर्यंत की जे उरेल ते हाताला पाठ होईल. मग पात्रे परस्परांपासून वेगळी करा. थोरला उंच आणि चौकोनी, धाकटा बुटका आणि गोल. एकाचा सदरा संपूर्ण काळा, दुसऱ्याचा पांढरा. एकाला चष्मा, दुसऱ्याला दाढी. दोघांच्या आकृत्या आतून पूर्ण काळ्या भरून पाहा. नुसत्या सावलीवरूनही कोण कोण आहे हे ओळखू आले, तर रचना योग्य झाली असे समजावे.

त्यानंतर प्रत्येक पात्राचा एक नमुना-कागद तयार करा. त्यावर समोरून, बाजूने आणि पाठमोरी अशी तीन चित्रे आणि सात-आठ भाव काढावेत, डोक्याच्या मानाने शरीर किती उंच हे रेषा मारून ठरवावे आणि चित्रे काढताना हा कागद कायम समोर ठेवावा. कॉमिकमध्ये सातत्य हे कौशल्यापेक्षा अधिक लक्षात येते. सगळ्या चौकटींत नाक एकसारखेच चुकीचे असेल, तर वाचक ते त्या पात्राचे नाक म्हणून स्वीकारतो. दर चौकटीत ते बदलले, तर मात्र तो प्रत्येक वेळी अडखळतो.

भावांसाठी टॉप्फरचा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. एकाच आकाराची सोळा डोकी काढा, डोळ्यांच्या जागी फक्त ठिपके ठेवा, भुवयांचे चार प्रकार आणि तोंडाचे चार प्रकार घ्या आणि त्यांची सर्व जुळणी करा. एखाद्या तासात सोळा भाव हाती येतात, आणि त्यातले काही असे असतात की ज्यांना नाव देता येत नाही पण जे पाहताक्षणी पटतात. मी तर म्हणेन की, शरीरशास्त्राची जाड पुस्तके उघडण्याआधी हा एक कागद प्रत्येकाने भरावा.

रेषा अगदीच साधी राहिली तरी चालते, याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे रँडल मन्रो यांचे एक्सकेसीडी. भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या आणि काही काळ नासासाठी काम केलेल्या मन्रो यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या या कॉमिकमधील माणसे काड्यांची असतात आणि त्यांना बहुधा चेहराही नसतो. तरीही केस, टोपी, शरीराचा कल आणि संवाद यांवरून ती जिवंत वाटतात.

पाचवी पायरी: लघुरेखाटने

माझ्या दृष्टीने संपूर्ण कामातील हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे, आणि येथे चित्रकलेचे कौशल्य जवळजवळ लागतच नाही. लघुरेखाटन म्हणजे पूर्ण पानाचा काडेपेटीएवढा कच्चा आराखडा. त्यात माणसे म्हणजे गोल आणि काड्या, फुगे म्हणजे रिकामी वर्तुळे. एका पानासाठी किमान तीन वेगवेगळे आराखडे करा, कारण पहिला आराखडा बहुतेक वेळा सवयीतून येतो: सगळ्या चौकटी सारख्या, सगळी माणसे कंबरेपासून वर, सगळी एकमेकांकडे तोंड करून.

आराखड्यांमध्ये पुढील गोष्टी बदलून पाहा. नजरेचे अंतर बदला: एक चौकट दुरून, एक मध्यम अंतरावरून, एक केवळ बोटांची. चौकटीचा आकार बदला; रुंद चौकटीत वाचक अधिक रेंगाळतो, लहान अरुंद चौकटी एकापाठोपाठ आल्या की वेग वाढतो. पूर्ण काळे भाग कुठे येतील ते ठरवा, कारण काळा रंग पानाला तोल देतो आणि नको असलेली पार्श्वभूमीही झाकतो. अमेरिकी कॉमिककार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिकच्या रचनेवर लिहिलेल्या पुस्तकात एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: क्षणातून पुढच्या क्षणात, कृतीतून कृतीत, एका व्यक्तीकडून दुसरीकडे, एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात, एकाच जागेच्या एका अंगाकडून दुसऱ्याकडे आणि अखेरचा, वरकरणी काहीच संबंध नसलेला. यांतील पाचवा प्रकार बेताच्या चित्रकाराला विशेष उपयोगी पडतो. थोरला बोलायचे थांबला की लगेच त्याचा चेहरा काढण्याची सक्ती नाही. लिफ्टचे बटण, जमिनीवर पडलेली किल्ली, धाकट्याचा बूट अशा तीन शांत चौकटी आल्या की अवघडलेपणा आपोआप जाणवतो, आणि तिन्ही वस्तू काढायला सोप्या आहेत.

पान वाचताना नजर डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली जाते. डावीकडे एकाखाली एक दोन लहान चौकटी आणि उजवीकडे एक उंच चौकट ठेवली की वाचक गोंधळण्याची शक्यता असते, म्हणून सुरुवातीला सरळ ओळींची मांडणी ठेवावी. प्रत्येक चौकटीत जो आधी बोलतो तो डावीकडे असावा किंवा निदान त्याचा फुगा वर असावा, हेही आराखड्यातच पाहून घ्यावे, कारण नंतर चित्र उलटे करणे महागात पडते.

आराखडा झाल्यावर तो एखाद्याला द्या आणि स्वतः काहीही न बोलता त्याला गोष्ट सांगायला लावा. तो जिथे चुकेल तिथे चौकट कमी आहे किंवा चुकीची आहे. या टप्प्यावर पान बदलायला दहा मिनिटे लागतात. शाई चढल्यावर तेच काम पूर्ण दिवसाचे होते.

सहावी पायरी: अक्षरे आधी, चित्रे नंतर

नवे लोक चित्र पूर्ण करून उरलेल्या जागेत फुगे कोंबतात आणि मग अक्षरे कडेला चिकटतात किंवा पात्राचे डोके झाकले जाते. त्याऐवजी प्रत्यक्ष पानावर चौकटी आखून झाल्या की लगेच संवाद लिहा, त्यांभोवती फुगे काढा आणि राहिलेल्या जागेत चित्र बसवा. यामुळे काढण्याचे क्षेत्रही कमी होते. एका फुग्यात साधारण २० ते २५ शब्दांहून अधिक मजकूर नसावा. तो वाढत असेल तर दोन फुगे करावेत किंवा, बहुधा हेच योग्य ठरते, वाक्य छाटावे. जे चित्रात दिसते आहे ते संवादात पुन्हा सांगू नये.

देवनागरीत अक्षरलेखन करताना काही गोष्टींची वेगळी काळजी घ्यावी लागते. वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली येतात, म्हणून दोन ओळींमध्ये पुरेसे अंतर हवे. ते कमी पडल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. हाताने लिहीत असाल तर प्रत्येक ओळीसाठी शिरोरेषा पट्टीने फिकट आखून घ्या, म्हणजे ओळ सरळ राहील. ओळ तोडताना शब्द मध्येच तोडू नका आणि शक्यतो अर्थाचा तुकडा पूर्ण होईल तिथेच तोडा. संगणकावर लिहीत असाल तर युनिकोड फाँट वापरा, आणि निवडलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे व ऱ्हस्व वेलांटी नीट उमटतात का हे दोन ओळी लिहून आधीच तपासा. हस्ताक्षरासारख्या वळणाचा ‘कलम’ हा मुक्त परवान्याचा फाँट संवादांना चांगला शोभतो. नीटनेटके, ठसठशीत अक्षर साध्या चित्रालाही विश्वासार्ह बनवते. याच्या उलट सुंदर चित्रावरचे वाचता न येणारे अक्षर वाचकाला लगेच दूर नेते. पहिल्या कॉमिकसाठी हाताशी थोडाच वेळ असेल, तर तो अक्षरांवर खर्च करावा असा माझा सल्ला आहे.

सातवी पायरी: पक्की चित्रे

साधनांविषयी फार विचार करू नये. पेन्सिल, खोडरबर, पट्टी, एक बारीक आणि एक जाड काळे पेन एवढ्यावर पूर्ण कॉमिक होते. संगणकावर काम करायचे असेल तर कृता हे चित्रांसाठीच बनवलेले मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि मोबाईलवर मेडिबँग पेंट किंवा आयबिस पेंट चालतात. चौकटी, अक्षरे, पेन्सिल आणि शाई यांचे थर वेगळे ठेवले की दुरुस्ती सोपी जाते. कागदावर काढणाऱ्यांनी छापायच्या आकाराहून साधारण दीडपट मोठे काढावे; लहान करताना रेषेची थरथर कमी दिसते. मात्र अक्षरेही त्याच प्रमाणात लहान होणार आहेत हे विसरू नये.

पेन्सिलीचे चित्र आणि शाईचे चित्र एकाच कागदावर व्हायलाच हवे असे नाही. कच्च्या चित्रावर पातळ कागद ठेवून, खिडकीच्या काचेला किंवा प्रकाशफळीला (आतून उजेड येणाऱ्या फळीला) लावून, शाईची रेषा स्वतंत्र कागदावर काढता येते. चुकले तर फक्त वरचा कागद बदलायचा. कठीण बसण्या-उठण्यासाठी स्वतःचे किंवा घरातल्या कोणाचे छायाचित्र घ्या आणि त्यावरून गिरवा. हे कमीपणाचे मुळीच नाही. दुसऱ्याच्या कॉमिकमधील चित्रे गिरवून आपली म्हणून प्रसिद्ध करणे मात्र चुकीचे आहे आणि ते बेकायदाही ठरू शकते. इतरांची छायाचित्रे वापरायची असतील तर त्यांचा परवाना पाहावा. गिरवताना छायाचित्रातला प्रत्येक तपशील उचलू नये, नाहीतर एकच चौकट बाकीच्यांपेक्षा निराळी दिसते.

पार्श्वभूमी प्रत्येक चौकटीत काढण्याची गरज नसते. प्रसंगाच्या पहिल्या चौकटीत जागा नीट दाखवा, नंतर दोन-तीन चौकटींत एखादी खूण पुरेशी आहे. लिफ्टच्या बाबतीत बटणांची पट्टी. हातांची अनेकांना धास्ती असते. ते खिशात, पाठीमागे किंवा चौकटीबाहेर ठेवता येतात, पण सगळीकडे लपवले की पात्रे बांधल्यासारखी दिसतात, म्हणून अंगठा वेगळा आणि बाकीची बोटे एकत्र असा सोपा हात ठरवून तोच सर्वत्र वापरावा. छायेसाठी एकाच दिशेच्या समांतर रेषा किंवा सरळ काळा भराव, यांपैकी एकच पद्धत पूर्ण कॉमिकभर ठेवावी.

आणखी एक उपयुक्त रीत सांगतो. आठ पानांचे कॉमिक असेल तर पक्की चित्रे पहिल्या पानापासून काढू नका. तिसऱ्या-चौथ्या पानापासून सुरुवात करा आणि पहिले पान शेवटी घ्या. काम करता करता हात सुधारत जातो, आणि वाचक ज्या पानावरून पुढे वाचायचे की नाही हे ठरवतो त्या पानाला तुमचा सर्वांत तयार हात लाभतो.

कागदावरचे काळे-पांढरे चित्र स्कॅन करताना ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) ठेवा. रंगीत कामाला छपाईसाठी ३०० डीपीआय पुरते, म्हणजे ए-५ पानाला सुमारे १७४८ × २४८० पिक्सेल. फक्त मोबाईलवर उभ्या सरकत्या पट्टीत वाचण्यासाठी करायचे असेल तर ८०० पिक्सेल रुंदी सर्रास वापरली जाते, पण मूळ फाइल त्याच्या दुप्पट तरी ठेवावी, म्हणजे पुढे छापण्याचा विचार झाला तर अडचण येणार नाही.

चित्रे न काढण्याचे किंवा कमी काढण्याचे मार्ग

एवढे करूनही चित्र काढण्यात आनंद वाटत नसेल, तर इतर वाटा आहेत आणि त्या तितक्याच प्रतिष्ठित आहेत. रायन नॉर्थ यांच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या डायनासोर कॉमिक्समध्ये जवळजवळ प्रत्येक भागात डायनासोरांची तीच सहा चौकटींची चित्रे असतात आणि केवळ संवाद बदलतात. या पद्धतीत चित्रे एकदाच काढायची असतात, परंतु संवादलेखन इतके काटेकोर लागते की दोन-चार भागांनंतरही टिकून राहणे हीच खरी परीक्षा होते. छायाचित्रांचे कॉमिक, कागदाचे कापलेले आकार चिकटवून केलेले कॉमिक किंवा केवळ वस्तू पात्रे म्हणून वापरणारे कॉमिक हेही पर्याय आहेत.

दुसरी वाट सहकार्याची आहे. हार्वी पेकर हे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका रुग्णालयात कारकून होते. त्यांनी स्वतःच्या दैनंदिन आयुष्यावरील कथा काड्यांच्या माणसांच्या चौकटी काढून लिहिल्या, रॉबर्ट क्रम्ब आणि इतर चित्रकारांनी त्या चितारल्या आणि १९७६ पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या. जपानमध्ये ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने वन-पंच मॅन हे कॉमिक २००९ मध्ये स्वतःच्या ओबडधोबड चित्रांत सुरू केले. ते इतके वाचले गेले की २०१२ पासून युसुके मुराता या निष्णात चित्रकाराने ते नव्याने काढायला घेतले. या दोन्ही उदाहरणांत लेखकाने चौकटी स्वतः मांडून दाखवल्या होत्या, हे ध्यानात घ्या. चित्रकाराकडे ‘माझ्याकडे एक कल्पना आहे’ एवढेच घेऊन जाणारे पुष्कळ असतात. पूर्ण संहिता आणि लघुरेखाटने घेऊन जाणारा माणूस निराळा दिसतो. एका पानाला लेखनापेक्षा चित्राला कितीतरी अधिक वेळ लागतो, म्हणून मोबदला, श्रेय, हक्कांची वाटणी आणि मुदत या गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात आणि पहिले एकत्र काम चार-पाच पानांचेच असावे.

सूचना लिहून चित्रे तयार करणाऱ्या संगणकीय प्रणालींचाही अनेकजण विचार करतात. त्यात एकच पात्र चौकटीमागून चौकट तसेच ठेवणे कठीण जाते, आणि हक्कांचा प्रश्नही आहे: अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२३ मध्ये अशा एका कॉमिकचा मजकूर व मांडणी यांना संरक्षण दिले, पण प्रणालीने बनवलेल्या चित्रांना ते नाकारले. ज्याला कॉमिक करायला शिकायचे आहे त्याने निदान लघुरेखाटने तरी स्वतःच्या हाताने करावीत, असे मला मनापासून वाटते.

पूर्ण झाल्यानंतर

काम संपवण्यासाठी तारीख ठरवणे उपयोगी पडते. मॅक्लाउड यांनी १९९० मध्ये २४ तासांत २४ पाने करण्याचे आव्हान मांडले, तेव्हापासून अनेक हौशी आणि व्यावसायिक कलावंत ते स्वीकारत आले आहेत. इतकी धावपळ नको असेल तर सुटीच्या दिवशी चार तासांत चार पाने हेही चालेल. वेळ थोडा असला की रेषा सुधारत बसण्याची सोय राहत नाही आणि गोष्ट कुठे थांबवायची याचा निर्णय घ्यावाच लागतो.

तयार कॉमिक चार-पाच जणांना वाचायला द्या. ‘कसे वाटले?’ असे विचारले तर शिष्टाचाराचे उत्तर मिळते. त्याऐवजी विचारा: कुठे परत मागे जाऊन वाचावे लागले? कोणते पात्र कोणते हे कुठे कळले नाही? शेवटी काय घडले ते तुमच्या शब्दांत सांगाल का? वाचता न येणारी अक्षरे, चुकीच्या जागी असलेले फुगे आणि अर्थ बदलणाऱ्या चुका तेवढ्या दुरुस्त करा, चित्रे पुन्हा काढू नका, कारण त्या वेळेत पुढचे कॉमिक अर्धे होते. ज्या वस्तू किंवा शरीराच्या ठेवणी या वेळी टाळाव्या लागल्या त्यांतील एकच निवडा, पुढच्या संहितेत तिला मुद्दाम जागा द्या आणि फक्त तिचाच सराव करा. लिफ्टमधल्या भावांच्या पुढच्या कथेला जिना लागणार असेल, तर आठवडाभर जिने काढा.